कोल्हापूर ते मलकापूर, आणि शोभाताईंचं गाणं

गेले सहा-सात महिने माझं एक विचित्र झालं होतं. चित्र सुरू करायचे आणि रंग लागायला लागले की उठायचे. उठून गॅलरीत, गॅलरीतून स्वयंपाकघरात, तिथे उगाच डबे उघडून बघायचे आणि परत येऊन नवा कागद लावायचे. मी सोलापुरात लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते आणि उरलेल्या वेळात माझी स्वतःची. पुस्तकांची कामं कशीबशी होत होती, कारण तिथे कुणीतरी मागे लागलेलं असतं. माझी स्वतःची चित्रं मात्र भिंतीला टेकून उभी होती. कुणाला आभाळ नाही, कुणाला पाय नाहीत. डॉक्टरांकडे जाऊन आले, रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. शेवटी एका सकाळी माझा नवरा प्रशांत म्हणाला की, मेधा, तू घरातल्या घरात जेवढी चालतेस तेवढ्यात कोल्हापूर आलं असतं.

तो वैतागून बोलला होता. मी ते मनावर घेतलं.

कोल्हापूरच का, तर तिथे रेवती आहे. आर्ट कॉलेजात आम्ही एका बाकावर होतो. ती लग्न होऊन कोल्हापूरला गेली आणि कळंब्यात तिचं घर आहे, म्हणजे राहायची सोय होती. शिवाय मला हिरवं बघायचं होतं. सोलापुरात राहणाऱ्या माणसाच्या रंगपेटीत पिवळा आणि तपकिरी आधी संपतो, हिरव्याच्या ट्यूबा तशाच वाळून जातात.

सोलापूरहून कोल्हापूरला जायला एसटी बरी. मंगळवेढा, सांगोला करत मिरजेपर्यंतचा रस्ता आता इतका सरळ झालाय की बाहेर बघायला काही उरत नाही. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे गाडीत निम्म्याहून जास्त बायका असतात आणि गप्पा फुकट ऐकायला मिळतात. परतीचा पाऊस नुकता होऊन गेला होता. मिरज मागे पडलं तसे उसाचे मळे सुरू झाले आणि मी पहिलं पान उघडलं. उसाचे तुरे काढले, खालचा ऊस काढायचा कंटाळा आला. सोबत न्यायचं असेल तर छोटी रंगपेटी आणि पाण्याची झाकणवाली बाटली पुरते, हे माझ्यासारख्यांसाठी सांगून ठेवते. मोठा बोर्ड नेऊ नका. मी नेला होता आणि तो सगळीकडे लोकांच्या गुडघ्यांना लागत होता.

रेवती स्टँडवर घ्यायला आली होती. भेटल्या भेटल्या म्हणाली, "मी मघाशीच आलो, तुझी गाडी उशिरा आली." मला हसू आलं. कोल्हापुरात बायका स्वतःबद्दल बोलताना 'आलो', 'गेलो', 'खातो' म्हणतात, हे मला माहीत होतं. पण सोलापूरची रेवती तसं बोलताना ऐकून वाटलं की हिने इथे नुसता संसार नाही केला, पूर्ण मुक्कामच टाकलाय.

संध्याकाळी रंकाळ्यावर गेलो. गर्दीचा रविवार नव्हता, तरी कट्टा भरलेला होता. मी चार जागा बदलल्या. एका जागी पाणी छान दिसत होतं पण भेळवाल्याची गाडी मध्ये येत होती. दुसऱ्या जागी भेळवाला छान दिसत होता पण उजेड जात होता. रेवती बिचारी प्रत्येक वेळी माझी पिशवी उचलून मागे येत होती. तिथून गावात दूध कट्ट्यावर गेलो. म्हशी रस्त्याच्या कडेला बांधलेल्या असतात, समोर धार काढतात आणि फेसाळतं दूध तसंच ग्लासात देतात. कोल्हापूरला येऊन लोक मिसळ खातात, तांबडा-पांढरा रस्सा ओरपतात, ते कराच, पण एक संध्याकाळ इथे उभे राहा. मी म्हशीचं शिंग काढलं, डोळा काढला, आणि तिने मान फिरवली. पुढच्या गल्लीत हलगीचा सराव चालला होता. हलगी मी इतक्या जवळून पहिल्यांदा ऐकली. कानात नाही, बरगड्यांत वाजते. वाजवणाऱ्याचा हात पकडायचा मी प्रयत्न केला, पण कागदावर नुसत्या रेघांचा गुंता झाला. खरं सांगायचं तर तो गुंता मला आवडला आणि तो पूर्ण करावा असं वाटायच्या आतच मी वही मिटली.

दुसऱ्या सकाळी कळंबा तलाव. रेवतीच्या घरापासून चालत जाता येतं. तिने आधीच सांगून ठेवलं होतं की तिथल्या कळंबा तुरुंगाच्या भिंतीकडे तोंड करून काही काढत बसू नकोस, उगाच कोणीतरी येऊन विचारत बसेल. मी तलावाकडे तोंड करून बसले. धुकं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता, म्हणजे जलरंगाला याहून सोपं काही नाही. फिरायला आलेले एक आजोबा मागे उभे राहिले. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "ह्यात काय काढलंय म्हणायचं?" मी म्हटलं, धुकं. ते म्हणाले, "ते बिनाकागदाचं बी दिसतंय की," आणि पुढे गेले. मला राग यायला हवा होता, पण मीही उठलेच.

नाश्त्याला रेवतीने विचारलं की तुला झालंय तरी काय. मी म्हटलं, माहीत नाही. कुठेही बसले की वाटतं, खरी जागा ही नाही, पुढची आहे. ती म्हणाली, मग पुढे जा, मलकापूर, आंबा, तिकडे डोंगर आहे, भात आहे. शाहूवाडीचा भाग बघितल्याशिवाय परत जाऊ नकोस.

मलकापूरवरून रत्नागिरीच्या बाजूला जाणाऱ्या एसटी मध्यवर्ती स्टँडवरून सतत सुटतात. रस्त्याचं काम चाललेलं आहे, वाघबीळपर्यंत धूळ आणि पुढे डबर, त्यामुळे मागच्या सीटवर बसू नका. मी खिडकीत बसले. शेजारी साधारण माझ्याच वयाची, म्हणजे पंचेचाळिशीची एक बाई येऊन बसली. निळ्या काठाची साडी, मांडीवर दवाखान्यात देतात तसली मोठी पिशवी, एक्स-रे आणि रिपोर्ट ठेवायची. गाडी सुटल्यावर मी कंडक्टर काढायला घेतला. टोपी नाही, कपाळावर चष्मा, हातात तिकिटाचं मशीन, छान माणूस होता. तो पुढे गेला आणि मी थांबले.

"अर्धाच का काढलीस कंडक्टर?" शेजारच्या बाईने विचारलं. आवाज असा की पुढच्या दोन सीटवरचे लोक वळले.

मी म्हटलं, तो हलला.

"मग हलणारच की. गाडीत हाय त्यो."

ही शोभाताई कांबळे. मलकापूरच्या अलीकडे रस्त्यापासून आत त्यांचं गाव आहे. गावात त्या आशा वर्कर आहेत, घरचं थोडं भात आहे, आणि त्या गातात. हे त्यांनी बांबवडे यायच्या आत सांगून टाकलं. त्यांची गायन पार्टी आहे. नवरा दिनकर ढोलकीवर, जाऊ नंदा दुसऱ्या आवाजाला, पेटीवर शेजारच्या गावचे एक निवृत्त गुरुजी. भीमगीतं, बुद्धगीतं, लग्न असो, घरभरणी असो, बारसं असो, शाहूवाडी तालुक्यात त्यांना बोलावतात. मी विचारलं नाही तरी म्हणाल्या, "माइक नसला तरी चालतंय मला. पोलिओच्या डोसाला पोरं माझ्या हाकंवर येत्यात, वाडीच्या त्या टोकावरनं." पिशवीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. परवा गावातच बारसं होतं. उतरताना त्यांनी मला फोन नंबर घ्यायला लावला आणि सांगितलं, "उद्या दुपारी सराव हाय. या की पावणं. न्हायतरी तुम्ही कुठं बसताय एका जागी?" दीड तासात त्यांनी मला ओळखलं होतं.

मी मलकापुरात बाजारपेठेजवळच्या साध्या लॉजवर उतरले. खोली स्वच्छ होती, गरम पाणी सकाळीच मिळतं. जेवायला खाली खानावळ, तिथली भाकरी आणि अख्खा मसूर मी दोन्ही दिवस खाल्ला. दुपारी मिळाली ती गाडी धरून आंब्याला गेले. घाटाच्या तोंडाशी ढग रस्त्यावरच बसले होते. क्षणात दरी दिसायची, क्षणात नाही. फोटो काढणाऱ्यांची मजा होती. मी दोन कागद लावले, दोन्ही फाडले. चहाच्या टपरीवर बसून राहिले, मग उठून रस्त्याने चालत राहिले, मग परतीची गाडी आली तशी त्यात चढले. इतकी सुंदर जागा होती आणि माझ्या मनात एकच होतं की इथून निघायला हवं. खोलीवर आल्यावर वाटलं, उद्या सकाळी सरळ सोलापूर गाठावं. प्रशांतला फोन करून तसं सांगितलंही. तो म्हणाला, ये, पण येऊन काय करणार आहेस ते ठरवून ये.

म्हणून मी गेले शोभाताईंकडे.

मुख्य रस्त्यावर उतरून आत चालत जावं लागतं, रिक्षा मिळाली तर नशीब. आणि ते चालणं मी कुणालाही चुकवू देणार नाही. दोन्ही बाजूंना खाचरं, भात लोंब्यांवर आलेलं. हिरवा संपतो कुठे आणि पिवळा सुरू होतो कुठे कळत नाही. वारा आला की अख्खं शिवार एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळतं. मी बांधावर बसून एक लहान चित्र केलं आणि हिरव्याची एक ट्यूब संपवली. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा.

शोभाताईंचं घर पक्कं, पुढे पत्र्याची पडवी. बाहेर निळ्या रंगाचं दार. पडवीत सतरंजी टाकून सगळे बसले होते. दिनकरदादा म्हणजे शोभाताईंच्या बरोब्बर उलट, हळू बोलणारे आणि कमी. ढोलकीच्या तोंडावरची काळी शाई अंगठ्याने तपासत होते. नंदा पस्तिशीची, दारात उभी राहून लाजत आत आली. जयभीम झाला, चहा झाला आणि शोभाताईंनी सुरुवात केली.

त्यांचा आवाज बसमधल्यासारखा नव्हता. बोलताना रांगडा, गाताना एकदम सरळ. वर जाताना त्या मान किंचित मागे टाकत आणि सूर जिथे ठेवायचा तिथे ठेवून देत. मी वही काढली. सराव असल्याने त्या मध्येच थांबत, गुरुजींना पुन्हा धरायला सांगत, नंदाला ओरडत. तिसऱ्या गाण्याला मी उठले. का उठले ते सांगता येणार नाही. गाणं चांगलं चाललं होतं, चित्रही वाईट नव्हतं. मी अंगणात जाऊन उभी राहिले, मग बांधापर्यंत गेले.

थोड्या वेळाने शोभाताई बाहेर आल्या. हातात पाण्याचा तांब्या होता. त्यांनी विचारलं की गाणं आवडलं नाही का. मी म्हटलं, तसं नाही हो, मला हल्ली बसवतच नाही. गेले कित्येक महिने असं चाललंय. त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला आणि गळ्याशी पदर सरकवून दाखवला. गळ्याच्या खालच्या अंगाला लिंबाएवढी गाठ होती. थायरॉईडची. पुढच्या आठवड्यात कोल्हापुरात ऑपरेशन ठरलं होतं. गाठ साधी आहे, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पण ती वाढतेय आणि काढावी लागणार. फक्त आवाजाची नस तिथूनच जाते. आवाज जाईल असं नाही, पण बदलू शकतो, घोगरा होऊ शकतो, वरचा सूर परत येईलच असं नाही. दिनकरदादांना हे सगळं माहीत होतं. नंदाला अर्धवट. गुरुजींना काहीच नाही.

मी नुसतं, बरं होईल, असं काहीतरी म्हटलं.

त्या म्हणाल्या, "उद्या मी गातो ते काढशील? पुरं काढायचं. कंडक्टरासारखं न्हाय."

मी म्हटलं, ताई, मोबाइलवर व्हिडिओ करूया, चांगला करून देते.

"व्हिडिओ लई हाईत," त्या म्हणाल्या. "पण त्यात आवाज येतोय. उद्या माझा आवाज गेला तर त्यो मला ऐकवणार न्हाय. चित्र गप असतंय. ते भिंतीला लावलं, की मी गात होतो एवढं कळलं, बास." मग तांब्या परत घेत त्यांनी अट घातली की त्या गाऊन थांबेपर्यंत मी उठायचं नाही.

त्या रात्री लॉजवर माझी झोप काही फार झाली नाही. मी असं कुणाला कबूल करत नाही. कबूल केलं की ते करावं लागतं.

बारसं दुपारी होतं. वस्तीच्या मधोमध मंडप, एका बाजूला पाळणा फुलांनी सजवलेला, समोर बायका, मागे पुरुष, त्याच्या मागे स्वयंपाकाची पातेली. बुद्धवंदना झाली, त्रिसरण-पंचशील झालं, बाळाचं नाव ठेवलं. बाळ झोपलेलंच होतं. मग शोभाताईंची पार्टी बसली. मला मंडपाच्या खांबाशी प्लास्टिकची खुर्ची दिली होती. तिथून शोभाताई समोर, नंदा त्यांच्या डाव्या हाताला आणि दोघींच्या मागून मंडपाच्या उघड्या बाजूने भाताचं शिवार दिसत होतं.

पहिलं गाणं सुरू झालं आणि मला उठावंसं वाटलं. सवयीचंच ते. पायात मुंग्या, मानेवर ऊन, कोणीतरी मागून वाकून बघतंय, कागद पुरेसा मोठा नाही, ही जागा बरोबर नाही, दोन हात पलीकडे बसले असते तर. दरवेळी हेच सगळं येतं. मी शोभाताईंकडे बघितलं. त्या गाता गाता माझ्याकडेच बघत होत्या. मी पेन्सिल धरली.

दोन गाण्यांत मी त्यांचं गातानाचं चित्र काढलं. मान मागे, तोंड उघडं, एक हात वर. रेषा जरा ताठ आल्या, मी घाबरून काढत होते हे कळत होतं, पण चित्र पूर्ण झालं. पाळण्याचं गाणं सुरू झालं तेव्हा मी दुसरा कागद घेतला, नुसता हात चालू ठेवायला.

ते गाणं शोभाताईंनी स्वतः बांधलेलं होतं. दोन कडवी छान गेली. तिसऱ्याला वरचा सूर होता. त्यांनी मान मागे टाकली आणि सूर आलाच नाही. घशात काहीतरी अडल्यासारखा आवाज आला आणि थांबला. दिनकरदादांची ढोलकी थांबली नाही, तो ठेका तसाच चालू राहिला. पेटी एक क्षण चाचपडली. आणि नंदाने ती ओळ उचलली. सराव करताना लाजून मान खाली घालणारी नंदा. तिचा आवाज पातळ होता, शोभाताईंसारखा भरलेला नव्हता, पण ती वर गेली आणि तिथे थांबली.

मंडपातल्या लोकांना वाटलं असेल, ठरवूनच केलंय. बायकांनी मान डोलावली. मी शोभाताईंना बघत होते. त्यांनी वर गेलेला हात खाली आणला नव्हता. तो तसाच अर्धवट हवेत होता, तोंड मिटलेलं, मान नंदाकडे वळलेली. त्या ऐकत होत्या. इतकं ऐकणारं माणूस मी क्वचित बघितलंय. त्यात वाईट वाटणं होतं, मत्सर होता, आणि नंदा पुढच्या सुरावर चुकते की काय ही काळजीही होती. ते कडवं संपेपर्यंत त्या तशाच राहिल्या आणि मी ते सगळं कागदावर उतरवलं. मग तिथेच रंग लावले. मागचं भात, मंडपाचं कापड, निळी साडी. कुणीतरी माझ्या हातात जेवणाचं ताट आणून दिलं ते मांडीवर तसंच राहिलं. मी उठले तेव्हा कार्यक्रम संपला होता आणि सतरंज्या गुंडाळत होते.

जेवणं झाल्यावर शोभाताईंच्या पडवीत मी चित्रं दाखवली. आधी गातानाचं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझं तोंड एवढं मोठं हाय व्हय?"

"हाय की," दिनकरदादा म्हणाले. अख्खी पडवी हसली. शोभाताईही हसल्या.

मग मी दुसरं पुढे केलं. मला ते द्यायचं होतं, कारण गेल्या वर्षभरात माझ्या हातून झालेलं तेच एक खरं चित्र होतं. शोभाताईंचं हसू गेलं. त्यांनी ते हातातही घेतलं नाही.

"हे कशाला काढलीस?" त्या म्हणाल्या. "मी गप बसल्याली कुणाला बघायचीय?"

मी म्हटलं, ताई, हे जास्त चांगलं झालंय.

"झालं असंल. मला नको."

नंदा मात्र त्या चित्राकडे बघत राहिली. शोभाताईंच्या नजरेला पडायच्या आत तिने मान वळवली आणि भांडी आत न्यायला गेली. मी दुसरं चित्र पुठ्ठ्यात घालून ठेवलं. शोभाताई मला सोडायला रस्त्यापर्यंत आल्या. वाटेत ऑपरेशनबद्दल एक शब्द नाही, फक्त बांधावरची कुठली वनस्पती खाल्ली की गुरं आजारी पडतात ते सांगत होत्या. गाडी आल्यावर त्यांनी गातानाच्या चित्राची गुंडाळी काखेत घट्ट धरून दुसरा हात हलवला.

मी कळंब्याला एक रात्र राहून सोलापूरला आले. रेवतीला दुसरं चित्र दाखवलं. ती म्हणाली, हे तू बसून केलंस? मी म्हटलं, बसवलं गेलं.

पुढचे दिवस वाईट गेले. ऑपरेशनच्या दिवशी मी सकाळपासून फोन हातात घेऊन घरभर फिरत होते. संध्याकाळी दिनकरदादांचा फोन आला, सगळं नीट झालं, गाठ साधीच निघाली. आवाजाचं काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, डॉक्टरांनी बोलू नका म्हणून सांगितलंय, आणि ती बोलायचा प्रयत्न करतेय. पुढे काही आठवडे त्यांच्याकडून एवढंच कळत राहिलं की कुजबुजल्यासारखा आवाज आहे, दम लागतो, डॉक्टर म्हणतात थांबा. आशाच्या कामाला नंदा सोबत जाते, हाका ती मारते. या काळात मी आंब्याचं ढगांचं चित्र परत काढायला घेतलं आणि सोडून दिलं. रंकाळा सोडून दिला. मंडपातल्या चित्रावर मात्र रोज थोडं काम केलं, तिथे राहून गेलेलं कापडाचं अस्तर, पाळण्याची सावली. तेवढ्या वेळापुरती मी बसत होते.

लोक मला विचारतात, जाऊन काय मिळालं. रंकाळ्यावर बसायला जागा कुठे मिळते ते विचारा, मी सांगेन. मलकापूरच्या गाडीत कुठल्या बाजूला बसावं तेही सांगेन, उजव्या, भात तिकडून जास्त दिसतं. माझी अस्वस्थता गेली का, तर नाही गेली. ती अजून सकाळी माझ्या आधी उठते. पण ती असताना एक चित्र पूर्ण होऊ शकतं, एवढं मला आता माहीत आहे. आधी मी ती जायची वाट बघत होते.

मागच्या आठवड्यात दुपारी फोन वाजला. आवाज ओळखू येईना. जाडसर, खालचा, मध्येमध्ये हवा जास्त.

"कोण बोलतंय सांग," आवाज म्हणाला.

मी म्हटलं, ताई?

त्या हसल्या आणि हसता हसता खोकल्या. मग सगळं सांगितलं, थांबत थांबत. वरचा सूर गेला. डॉक्टर म्हणाले होते त्याप्रमाणे येईल अजून थोडा, पण पहिल्यासारखा नाही. परवा एका घरभरणीला पार्टी गेली होती. वरचं सगळं नंदाने गायलं. खालचं शोभाताईंनी. लोक म्हणाले, हे नवीनच ऐकलं. गातानाचं चित्र पुढच्या खोलीत लावलंय, येणारा प्रत्येक माणूस तोंडाबद्दल बोलतो. नंदाला आता त्या ओरडत नाहीत, कारण ओरडलं की घसा दुखतो, असं म्हणाल्या. मी विचारलं, वाईट वाटतं का. त्या म्हणाल्या की ऑपरेशननंतर सरावाच्या पहिल्या दिवशी नंदा वर गेली तेव्हा दाराआड जाऊन रडल्या, आणि मग परत येऊन बसल्या.

मला वाटलं, आता वेळ आहे. मी सांगितलं की ते दुसरं चित्र मी पुरं केलंय, चांगलं झालंय, फ्रेम करून पाठवते.

"नको," त्या म्हणाल्या. "ते तुझ्यापाशीच असू दे. मी अजून गप बसल्यालो न्हाय."